डोक्याला मार लागलेल्या माणसासोबत एक कागद द्या

आरोग्य सेवा संचालनालय, गोवा पोलिस आणि गावोगावच्या पंचायती यांस खुले पत्र

महोदय,

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून निसरडा थर होतो, माडांची खोडे बुळबुळीत होतात आणि २४ जूनला सांजाव सणाच्या उड्या विहिरींत पडतात. दुचाकी घसरते, नारळ काढणारा पाडेली खाली येतो, कुणाचे डोके विहिरीच्या काठावर आपटते. बहुतेक वेळा तो माणूस उठून उभा राहतो, कपडे झटकतो, ‘काही झाले नाही’ म्हणतो आणि घरी जातो. त्यांतल्या बऱ्याच जणांना खरोखरच काही झालेले नसते. हे पत्र उरलेल्यांसाठी आहे.

बेशुद्ध पडलेल्याला आपल्याकडे मदत मिळते. लोक धावतात, १०८ येते, तो बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) पोचतो. निसटतो तो चालता-बोलता माणूस. त्याची दुखापत तासांत, दिवसांत, महिन्यांत उलगडत जाते आणि आपल्यापैकी प्रत्येक जण त्याला दहा मिनिटे पाहतो. हवालदार रस्त्यावर पाहतो, कॅज्युअल्टीतला डॉक्टर रात्री पाहतो, महिन्याने डोळ्यांचा डॉक्टर पाहतो, तीन महिन्यांनी मालक त्याला कामावरून काढतो. आधी कसा होता आणि आता कसा आहे, ही तुलना करायला कुणाच्याच हातात काही नसते. म्हणून आमची मागणी एकच आहे: डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक माणसासोबत, तो कितीही ठणठणीत दिसला तरी, पहिल्या क्षणापासून एक कागद फिरला पाहिजे. त्यावर काय लिहावे आणि का, ते सांगतो.

सुरुवात पोलिसांपासून, कारण अनेकदा घटनास्थळी सर्वांत आधी तेच पोचतात. गोव्यात रात्री रस्त्याकडेला पडलेला माणूस दिसला की पहिला अंदाज दारूचा असतो, आणि तो पुष्कळदा बरोबरही असतो. घोटाळा पुढे होतो. प्यायलेला माणूस पडतोच, आणि पडला की डोके आपटतेच. तोंडाला वास येतो म्हणून डोक्याला मार नाही असे ठरत नाही, उलट शक्यता वाढते. अडखळते बोलणे, झोकांड्या, उलटी, चिडचिड, शिवीगाळ, पेंग: दारूची म्हणून आपण जी लक्षणे ओळखतो ती सगळी मेंदूत रक्त साचतानाही दिसतात. मधुमेह्याची साखर उतरली तरी तीच दिसतात.

दोन्हींतला फरक घड्याळ सांगते. दारू चढलेला माणूस तासागणिक सुधारतो. मेंदूत रक्तस्राव होत असलेला तासागणिक बिघडतो. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून त्याला कोठडीत किंवा बाकावर एकटे टाकले, तर नेमका हाच फरक पाहायला कुणी उरत नाही. दर अर्ध्या तासाने चार प्रश्नांची उत्तरे लिहा: स्वतःहून जागा आहे का? हाक मारल्यावर डोळे उघडतो का? खांद्याचा स्नायू चिमटीत जोरात दाबल्यावरच हलतो का? की काहीच करत नाही? जागा असेल तर स्वतःचे नाव, आपण कुठे आहोत आणि आज वार कोणता हे विचारा. आधी जी उत्तरे बरोबर आली ती पुढच्या वेळी चुकली, किंवा चारांपैकी एक पायरी जरी खाली घसरली, तरी थांबू नका. सूर्योदयाची वाट पाहू नका, नातेवाइकांचीही नाही.

काही गोष्टी नुसत्या दारूच्या नशेवर ढकलू नका. एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी असणे, एकाच बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा पातळ द्रव येणे, झटका (फिट) येणे. यातले एक जरी दिसले तरी ‘मद्यधुंद’ हा शेरा बाजूला ठेवून गाडी बोलवा. तोवर त्याला पाणी, चहा, लिंबू काहीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाते. कूस बदलायची असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून तिघांनी मिळून बदला. विहिरीत उडी मारून डोक्यावर पडलेल्याची मानही मोडलेली असू शकते, त्याला बाहेर काढतानाही हेच. झटका आलेल्याच्या नाकाला कांदा लावणे आणि हातात चाव्या देणे तर आता बंद व्हावे.

मार बसल्यावर माणूस तासभर छान बोलतो आणि मग कोसळतो, असे का घडते? कानाच्या वर आणि थोडे पुढे कवटीचे हाड सर्वांत पातळ असते. त्याच्या आतल्या अंगाला एक धमनी चिकटून जाते. दुचाकीवरून कुशीवर पडताना डोके रस्त्यावर आपटले की हे हाड तडकते आणि धमनी फाटते. रक्त हाड आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये साचू लागते. सुरुवातीला मेंदू फक्त हादरलेला असतो, तो सावरतो. माणूस उठतो, चहा पितो, गाडीचा आरसा फुटला म्हणून भांडतो. आत साचणारे रक्त आवरणाला हाडापासून सोलत मेंदू दाबत राहते. मग डोकेदुखी वाढते, उलटी होते, पेंग येते, मारलेल्या बाजूची बाहुली मोठी होते आणि श्वास बिघडतो. मेंदूला स्वतःला मोठी जखम नसेल आणि रक्त वेळेत काढले, तर हाच माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो. काणकोणहून किंवा सत्तरीच्या टोकाच्या गावाहून बांबोळी गाठायला एक-दीड तास लागतो. तेवढा वेळ आधीच हिशेबात धरला पाहिजे.

कवटीवरच्या जखमेवरून मात्र काहीही ठरवू नका. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून छोट्या खोकेतूनही शर्ट भिजतो आणि सगळे घाबरतात. टाके पडतात, पट्टी बांधली जाते, घरचे निःश्वास टाकतात. आतला मार कातडी न फाटताही बसतो. हेल्मेटचेही तसेच. हेल्मेट कवटी वाचवते, जीव वाचवते, ते घालाच, मागे बसणाऱ्यानेही घाला आणि पट्टा हनुवटीखाली आवळा. मात्र आतला मेंदू कवटीत गरकन फिरतो, ते हेल्मेट पूर्णपणे थांबवू शकत नाही. ‘हेल्मेट होते ना?’ हा तपासणी टाळण्याचा परवाना नव्हे.

आता प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि जिल्हा इस्पितळे. रुग्ण आला की आधी श्वास, ऑक्सिजन आणि रक्तदाब. वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली गेला, तर जखमी मेंदूची हानी झपाट्याने वाढते. मूळ मार आपल्या हातात नव्हता, हा दुसरा मार आपल्या हातात आहे. त्यासोबत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर. मग ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धीचे गुण. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेली ही पद्धत आपल्या प्रत्येक केसपेपरवर असते, पण नुसती बेरीज लिहिलेली असते. ‘१३’ एवढे लिहून काही कळत नाही. डोळे ४ पैकी किती, बोलणे ५ पैकी किती, हालचाल ६ पैकी किती, हे सुटे लिहा आणि वेळ टाका. बोलण्यात गोंधळ असलेला १३ आणि हालचालीत कमी पडलेला १३ हे दोन वेगळे रुग्ण असतात. पुढच्या इस्पितळातल्या डॉक्टरला सुट्या आकड्यांवरून कळते की माणूस कुठे घसरला. गुण पूर्ण १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने नोंद करा. १५ झाल्यावर दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढे चार तास दर तासाला, मग दर दोन तासांनी.

अंगावर काही न ठेवता हातपाय झाडणाऱ्या, उठून पळू पाहणाऱ्या रुग्णाला झोपेचे इंजेक्शन देऊन शांत करण्याचा मोह मोठा असतो. रात्री दोन वाजता, एक परिचारिका आणि सहा रुग्ण असताना तो कुणालाही होईल. त्याआधी तीन गोष्टी पाहा: ऑक्सिजन पुरेसा आहे का, लघवी तुंबली आहे का, बाहुल्या बदलल्या आहेत का? फुगलेले मूत्राशय रिकामे केले की शांत होणारे रुग्ण पुष्कळ असतात. डोक्याचा दाब वाढल्याने तळमळणाऱ्याला झोपवले, तर आपण आपला एकमेव इशारा पुसून टाकतो. मानेचा पट्टा फार आवळू नका, शिरा दाबल्या जाऊन डोक्यातला दाब वाढतो. आणि ‘सूज उतरायला’ म्हणून स्टेरॉइड देऊ नका. दहा हजारांहून अधिक प्रौढ रुग्णांवरच्या ‘क्रॅश’ चाचणीत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी दोन आठवड्यांत २१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १८ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. ही २००४ ची गोष्ट आहे.

सीटी स्कॅन कुणाचा करावा, याचे निकष आपल्या डॉक्टरांना ठाऊक आहेत. घरच्यांनाही ते कळावेत, म्हणून कागदावर साध्या शब्दांत हवेत. दोन तासांनंतरही पूर्ण भानावर नसणे, दोन किंवा अधिक उलट्या, झटका, वय ६५ किंवा त्याहून जास्त, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणे, मार लागण्याआधीच्या अर्ध्या तासाहून अधिक काळाचे काही न आठवणे, तीन फुटांहून किंवा पाच पायऱ्यांहून अधिक उंचीवरून पडणे, पायी चालताना वाहनाची धडक बसणे. माडावरून पडलेला माणूस यात बसतोच, तो चालत आला असला तरी. दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे होणे आणि कानामागच्या हाडावर निळसर डाग उमटणे ही कवटीच्या तळाला तडा गेल्याची खूण. कानामागचा डाग उमटायला एक-दोन दिवस लागतात. पहिल्या रात्री तपासणाऱ्याला तो दिसणारच नाही, घरी केस विंचरणाऱ्या बायकोला दिसेल. वाकल्यावर नाकातून पाणी टपटपणे किंवा घशात खारट चव येणे हेही तसेच. अशा वेळी नाक शिंकरू नये, कापूस कोंबू नये, त्या वाटेने जंतू आत शिरून मेंदूज्वर होतो.

आणि स्कॅन स्वच्छ आला तर? तो साचलेले रक्त, तुटलेले हाड, मोठी सूज दाखवतो. मेंदूतले लांब तंतू ताणले गेले, पिळले गेले, तर ते साध्या स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘आज शस्त्रक्रिया लागत नाही’ एवढाच घ्यायचा. आपल्याकडे तो ‘सगळे ठीक आहे’ असा घेतला जातो आणि पुढच्या तक्रारी मनाचे खेळ ठरतात. माणूस नंतर स्वतःही तसेच मानू लागतो.

घरी सोडताना पहिल्या ४८ तासांसाठी एक शहाणा माणूस सोबत हवा. खोलीवर एकट्या राहणाऱ्या कामगाराला, पर्यटकाला, मुले परदेशी असलेल्या वृद्धेला घरी सोडणे म्हणजे कुणाच्याच ताब्यात न देणे, त्यांना वॉर्डात ठेवा. रात्रभर जागे ठेवायची गरज नाही. झोपू द्यावे, पहिल्या रात्री दोन-तीनदा उठवून नाव आणि जागा विचारावी, घोटभर पाणी प्यायला सांगावे, दोन्ही हात वर करायला लावावे. कुशीवर वळून पुन्हा झोपला तर उत्तम. उठवता येत नसेल, डोकेदुखी वाढत असेल, उलट्या होत असतील, बोलणे जड झाले असेल, एक वस्तू दोन दिसत असतील, तर लगेच परत. दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन हे वेदनाशामक म्हणून पहिले दोन दिवस नकोत, रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने ती स्वतःहून थांबवू नये, डॉक्टरला विचारावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत, ‘अंगदुखीला थोडी फेणी’ हीसुद्धा नको.

इथपर्यंतचे थोडेबहुत सगळ्यांना माहीत असते. खरी लपलेली लक्षणे यापुढे सुरू होतात, आणि ती बघायची जबाबदारी आज कुणाच्याच नावावर नाही.

वासाचे घ्या. मेंदूच्या खालच्या बाजूने निघणारे वासाचे बारीक तंतू चाळणीसारख्या हाडातून नाकात उतरतात. डोके मागच्या बाजूला आपटले की मेंदू पुढेमागे सरकतो आणि हे तंतू तुटतात. माणूस सांगतो, ‘जेवणाला चव नाही.’ घरचे समजतात रुसला आहे, हुमण (माशांची आमटी) आवडेनासे झाले आहे. तो वास गेल्याचे सांगत नाही, कारण त्याला ते कळलेलेच नसते. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळते, बाकीची चव नाकाची असते. अशा माणसाला गॅस गळलेला कळत नाही, नासके मासे कळत नाहीत. तो हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करत असेल तर नोकरीच गेली. तपासायला यंत्र लागत नाही. डोळे मिटून, एक नाकपुडी दाबून, कॉफीची पूड किंवा ठेचलेली लवंग, दोन्ही बाजूंना वेगवेगळी. बाम, अमोनिया वापरू नका, ते झोंबतात, आणि झोंबणे हे दुसऱ्याच नसेचे काम असल्याने वास गेलेल्यालाही ‘कळते’.

डोळे. चष्म्याचा नंबर तोच, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, तरी वर्तमानपत्र वाचताना ओळ सुटते, दहा मिनिटांत डोके चढते. दोन डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळवण्याची क्रिया बिघडलेली असते. पेन नाकाकडे आणत जा आणि एकाची दोन कधी दिसतात ते विचारा. साधारण सहा सेंटिमीटरच्या अलीकडे यायच्या आतच दोन दिसू लागली, तर तपासणीला पाठवा. जिना उतरताना चाचपडणारा, मान एका बाजूला कलती ठेवणारा माणूस बहुधा डोळ्याच्या एका स्नायूची नस दुखावलेला असतो.

चक्कर. कूस बदलली की काही सेकंद खोली गरगरते आणि थांबते, अशी तक्रार असेल तर कानातल्या समतोलाच्या अवयवातले सूक्ष्म खडे मारामुळे सुटून जागा सोडून गेलेले असतात. डोके ठरावीक क्रमाने चार स्थितींत वळवून ते परत जागेवर आणता येतात. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टला दहा मिनिटे लागतात. इतक्या सोप्या गोष्टीसाठी लोक महिनोन्महिने चक्करेच्या गोळ्या खात बसतात, याची आम्हांला खंत वाटते.

आणि मग स्वभाव. कपाळामागचा मेंदू दुखावलेला माणूस डॉक्टरसमोर दहा मिनिटे अगदी नीट बोलतो. तारीख सांगतो, पंतप्रधानांचे नाव सांगतो, शंभरातून सात वजा करत जातो. घरी तोच सकाळी नऊपर्यंत ब्रश हातात धरून बसलेला असतो. करायचे ठाऊक असते, सुरुवात होत नाही. बायको म्हणते आळशी झाला, आई म्हणते कुणाची नजर लागली. किंवा उलट: जो कधी आवाज चढवत नव्हता तो मुलावर थाळी फेकतो, पाहुण्यांसमोर नको ते बोलतो, पगार दोन दिवसांत उडवतो, कॅसिनोत जाऊन बसतो. गजबज सहन होत नाही, फेस्ताच्या बँडपासून पळतो. दुपारी दोनला बॅटरी उतरल्यासारखा संपतो. त्याला स्वतःला विचारा, ‘मला काही झालेले नाही’ म्हणेल. तो खोटे बोलत नसतो. स्वतःतला बदल ओळखणारा भागच दुखावलेला असतो. म्हणून नातेवाइकाला वेगळ्या खोलीत बसवून विचारा: अपघातापूर्वी तो काय करत असे, जे आता करत नाही? काय करत नसे, जे आता करतो? या दोन प्रश्नांत छापील चाचण्यांपेक्षा जास्त सापडते. प्रत्यक्ष बघायचे असेल तर चहा करायला सांगा आणि मध्येच एखादा प्रश्न विचारा. दूध उतू जाते का, साखर दोनदा पडते का, गॅस बंद होतो का, ते पाहा. बारा महिने डिसेंबरकडून मागे म्हणायला लावणे हीही सोपी चाचणी आहे.

क्षणभर टक लावून थांबणे, ओठ चावणे, नसलेला जळका वास येणे हे झटक्याचेच छुपे प्रकार असू शकतात. तपासणी होईपर्यंत वाहन, माड, विहीर आणि ट्रॉलर बंद. न जाणारा थकवा, पाळी थांबणे, लैंगिक इच्छा मावळणे यामागे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूष ग्रंथीची दुखापत असू शकते. सकाळच्या रक्तातले कॉर्टिसॉल आणि थायरॉइड तपासायला सांगा. पहिल्या आठवड्यांत अचानक गोंधळ वाढला तर रक्तातले सोडियम.

वृद्धांबद्दल अधिक लिहावे लागेल, कारण गोव्यात त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त आहे आणि पुष्कळ घरांत त्यांच्याकडे पाहायला फक्त कामवाली बाई असते. वयाबरोबर मेंदू आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात पाय घसरला, कपाटाच्या दारावर डोके लागले, एवढ्यानेही एखादी शीर फाटते. रक्त थेंबाथेंबाने झिरपते. दोन-तीन आठवडे काहीच होत नाही. मग आजी चमचा सांडते, चप्पल पायातून निसटते, दुपारी जास्त झोपते, शब्द सापडत नाहीत. घरचे म्हणतात वय झाले, डॉक्टरसुद्धा कधी कधी स्मृतिभ्रंश म्हणतो, कुणी पक्षाघात म्हणून रक्त पातळ करणारे औषध सुरू करतो, आणि ते तर विषच. स्मृतिभ्रंश वर्षांत वाढतो. आठवड्यांत वाढणारा, एका दिवशी बरा आणि दुसऱ्या दिवशी वाईट असा गोंधळ दिसला, की मागच्या तीन महिन्यांत कधी पडली होती का, ते विचारा. ‘तसे काही विशेष नाही’ हे उत्तर आल्यावर पुन्हा विचारा. कवटीला एक-दोन छिद्रे पाडून साचलेले रक्त काढता येते आणि पुष्कळ वृद्ध पुन्हा हिंडूफिरू लागतात. रोज दारू घेणाऱ्यांना हाच धोका पन्नाशीतही असतो.

घरात मार खाणारी बाई ‘जिन्यावरून पडले’ म्हणून येते. तिला एकटीला विचारा, गळा आवळला होता का. आवाज बसलेला, गिळताना दुखणे, डोळ्यांत किंवा चेहऱ्यावर लाल ठिपके: गळ्यावर वळ नसला तरी मेंदूचा प्राणवायू तुटलेला असू शकतो. तिचे विसरणे आणि साक्षीत तपशील बदलणे हे पोलिसांना खोटेपणाचे वाटते. ते दुखापतीचे लक्षण असू शकते.

खेळाबद्दल थोडक्यात. फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ आहे आणि गावच्या मैदानावर डोके आपटलेला पोरगा पाच मिनिटांत परत खेळायला उतरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला चेंडू लागला. तो मैदानावरच्या चाचण्या उत्तीर्ण झाला, परत फलंदाजीला आला आणि दुसऱ्या दिवशी त्याची लक्षणे उघडी पडली. जगातल्या उत्तम वैद्यकीय पथकांपैकी एकाच्या नजरेसमोर हे घडले, तर आपल्या पंचाने शिट्टी वाजवून काय ठरवायचे? संशय आला की त्या दिवशी खेळ संपला. पहिले एक-दोन दिवस हलका आराम, मग चालणे, आधी शाळा आणि नंतर सराव, प्रत्येक पायरीला किमान २४ तास, लक्षणे वाढली तर एक पायरी मागे. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडण्याची गरज नाही, त्याने फायदा होत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाच्या कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागे पिलपिलीत गाठ आली, दूध घेईना, नेहमीसारखे वागेना, तर आईचे म्हणणे पुरावा माना आणि पाठवा.

हे सगळे कागदावर का हवे, याचे आणखी एक कारण. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांच्या यादीत मेंदूच्या दुखापतीचे वेगळे नाव नाही. हातपाय शाबूत, बुद्ध्यंक पूर्वीचाच, आणि तरीही काम न जमणारा माणूस त्या यादीत कुठे बसवायचा, यावर अपंगत्वाचा दाखला देणारे वैद्यकीय मंडळ चाचपडते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने भरपाईच्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली, आणि स्वभाव बदलल्याचे घरच्यांना उमगायलाच तेवढे महिने जातात. पहिल्या रात्रीची वेळ टाकलेली नोंद नसेल तर पुढे काहीही सिद्ध होत नाही.

म्हणून, कागद. दोन्ही बाजूंनी छापलेला, घडी करून पाकिटात मावणारा, मराठी, कोकणी आणि हिंदीत. खाणी, ट्रॉलर आणि बांधकामांवर काम करणाऱ्यांसाठी कन्नडमध्येही. पहिल्या बाजूला घटना कधी, कुठे, कशी घडली, कुणी पाहिले, चार प्रश्नांची पहिली उत्तरे आणि नंतरच्या नोंदी. मागे घरच्यांसाठी ४८ तासांच्या सूचना, आणि तीन तारखा आधीच लिहिलेल्या: तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातून फोन, तिसऱ्या आठवड्यात भेट, तिसऱ्या महिन्यात दुसरी भेट. भेटीत वास, डोळे, चक्कर, झोप, चहा आणि नातेवाइकाचे दोन प्रश्न. वीस मिनिटे लागतात. ज्यांना जास्त गरज आहे त्यांना गोमेकॉच्या संबंधित विभागांकडे, बांबोळीच्या मानसोपचार संस्थेकडे पाठवता येईल. तिथे गेल्यावर ‘वेड लागले का?’ असे कुणी विचारू नये, याची काळजी पंचायतीने घ्यावी.

फोन आरोग्य केंद्रातून जाईल, पण माणूस घरी सापडला नाही तर वाड्यावर जाऊन पाहणारी आशासेविका किंवा पंच कोण, त्याचे नाव कागद देतानाच लिहिले पाहिजे. पहिली नोंद १०८ च्या कर्मचाऱ्याने किंवा हवालदाराने करावी आणि सहीसोबत वेळ टाकावी, मिनिटांसकट. छपाईआधी मसुदा तपासून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
डोक्याच्या दुखापतीनंतरच्या उपचार आणि पुनर्वसनाचे काम करणारे गोव्यातील काही जण